काटा शून्यावर असतो तेव्हा

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, "तुह्या पायाले भिंगरीच हाये." चांदूर बाजारच्या आमच्या घरात एका जेवणात मी तीनदा ताटावरून उठायचे. आता चाळिशी आली तरी फरक नाही. फळ्यासमोर उभी राहिले तरी या पायावरून त्या पायावर चाललेलं असतं, आणि एखादं पोरगं प्रश्न वाचायला वेळ लावू लागलं की माझे हात शिवशिवतात. खडू त्याच्या हातातून काढून घ्यावा आणि आपणच गणित सोडवून टाकावं असं वाटतं. पुष्कळदा मी तसं केलेलंही आहे.

त्या उन्हाळ्यात मी आठवड्यातून तीन दिवस अमरावतीहून अकोल्याला केमिस्ट्री शिकवायला जात होते. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांसाठी तिथल्या एका खाजगी क्लासनं फाउंडेशन बॅच काढली होती. म्हणजे निकाल लागायच्या आधी, प्रवेश व्हायच्या आधी, मूल सायन्सला जाणार की नाही हेही ठरायच्या आधी त्याला अकरावीचं शिकवायला घ्यायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! पण मला ती बॅच आवडायची, कारण मीही त्याच जातीची. पहाटेची एसटी धरायची, साडेआठला वर्ग सुरू करायचा, दुपारी दोनच्या गाडीनं परत. वर्गात साठ मुलं, वर पत्रे, चार कोपऱ्यांत चार कूलर. कूलरच्या आवाजावर ओरडून शिकवावं लागायचं, पण ओरडण्याची मला कधी अडचण नव्हती.

वायूंचे नियम मी चार दिवसांत संपवायचे ठरवले होते. या धड्यातली पुस्तकी गणितं वाचली की माझं डोकं फिरतं. 'एका पात्रात अमुक लिटर वायू आहे, दट्ट्या आत ढकलला असता...' आमच्या पोरांनी दट्ट्या कधी पाहिलाय? न पाहिलेल्या दट्ट्याचं गणित मूल सोडवतं ते सूत्र पाठ असतं म्हणून, आणि परीक्षा झाली की विसरतं. म्हणून मी माझी स्वतःची गणितं केली होती, वऱ्हाडातली. त्यातलं एक माझं फार लाडकं होतं. नऊ वर्षं मी ते प्रत्येक बॅचला देत आले होते.

ते असं: अकोल्यात पहाटे तापमान २७ अंश आहे. मोटारसायकलच्या टायरमध्ये ३० पौंड हवा भरली. दुपारी पारा ४७ वर गेला. टायरचं आकारमान बदललं नाही असं धरा. आता हवा मोजली तर किती भरेल?

सत्तेचाळीस म्हटलं की वर्ग हसायचा. अकोल्याच्या मुलांना सत्तेचाळीस म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मग मी फळ्यावर मोठ्ठं २७३ लिहायचे आणि भाषण सुरू करायचे. "थर्मामीटरवरचं शून्य हे खरं शून्य नाही. ते पाणी गोठण्याचं शून्य आहे, माणसानं स्वतःच्या सोयीसाठी ठरवलेलं. त्याच्याही खाली पुष्कळ काही आहे. वायूला तुमची सोय कळत नाही. तो खऱ्या शून्यापासून मोजतो. म्हणून अंशांत २७३ मिळवल्याशिवाय गणिताला हात लावायचा नाही." २७ चे ३०० होतात, ४७ चे ३२०. तीस गुणिले तीनशे वीस भागिले तीनशे, उत्तर बत्तीस. जो २७३ विसरेल त्याचं उत्तर बावन्न येतं. "बावन्न!" मी ओरडायचे. "टायर फुटून थोबाडावर येईल तुझ्या!" वर्ग पुन्हा हसायचा. ते हसणं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या बॅचमध्ये दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला, एक मुलगी बसायची. तिच्या वडिलांचं बायपासला टायर-पंक्चरचं दुकान आहे हे तिनं पहिल्याच दिवशी ओळख करून देताना सांगितलं होतं. ती फार बोलायची नाही. हात वर करायची तोही अर्धाच, कोपर बाकावर टेकवून. त्या दिवशी टायरचं गणित सोडवून मी खडूची धूळ झटकली तर तिचा हात तसाच अर्धा वर होता.

"मॅडम, हवा मोजाचा काटा शून्यावर असला तं टायरमधी हवा नसतेच का?"

माझी नजर घड्याळावर होती. वीस मिनिटं उरली होती आणि अजून दोन गणितं घ्यायची होती.

"काटा शून्यावर म्हणजे शून्य. पंक्चरवाल्याच्या घरी एवढंही माहीत नाही?"

सगळा वर्ग हसला. विचारायला उठलेली ती उभीच होती. "पन मॅडम..." असं काहीतरी म्हणाली.

"पुढे चला," मी म्हटलं आणि फळा पुसला.

दोनतीन दिवसांनी वर्ग सुटल्यावर पाण्याच्या टाकीपाशी तिनं मला गाठलं. वायूंचा धडा संपल्यावर पंचवीस मार्कांची टेस्ट होणार होती. तिच्या वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, पंचवीसपैकी पंधरा आले तर सायन्स, नाही तर आर्ट. तिच्या मोठ्या बहिणीनं सायन्स घेतलं होतं. ती बारावीत दोनदा नापास झाली आणि तेव्हापासून घरातच होती. दुसऱ्या मुलीचं तसं होऊ द्यायचं नाही असं वडिलांनी ठरवलं होतं. हिला मात्र लॅबमध्ये काम करायचं होतं. रक्त तपासतात तिथं, किंवा पाणी तपासतात तिथं, कुठंही, पण लॅबमध्ये.

"मॅडम, येतीन का पंधरा?"

"अभ्यास कर, येतील," असं मी चालता चालताच म्हटलं. रिक्षा सुटत होती.

टेस्ट झाली. पेपर मी रविवारी अमरावतीला घरी तपासले. मी पेपरही बसून तपासत नाही. ओट्यावर गठ्ठा ठेवते, दोन तपासते, खिडकीपाशी जाऊन येते, पुन्हा दोन. तिसरा प्रश्न तीन मार्कांचा होता, आणि तो अर्थातच माझा लाडका टायर. साठातल्या चाळीस जणांनी बत्तीस लिहिलं होतं. काहींनी बावन्न, एकानं तर सरळ ४७. तिच्या पेपरात मात्र वेगळंच होतं. नीट, स्वच्छ अक्षरात तिनं लिहिलं होतं: ३० + १५ = ४५. खाली ४५ गुणिले ३२० भागिले ३०० = ४८. त्याखाली ४८ − १५ = ३३. आणि तेहतीसभोवती चौकट.

२७३ ती विसरली नव्हती. पण हे पंधरा? मधेच मिळवले, मधेच काढले. कुठून तरी तेहतीस हा आकडा तिला कळलाय आणि तिथं पोचायला तिनं ही खटपट केलीय, असं माझं मत झालं. ते व्हायला मला पाच सेकंदही लागले नसतील. 'हे १५ कुठून आणले?' असं लाल पेननं लिहिलं आणि पुढं भोपळा दिला. बेरीज केली तर तेरा.

तिच्या वडिलांची पंधरा मार्कांची अट तेव्हा आठवली नाही असं म्हणायची मला सोय नाही. आठवली. बेरीज करतानाच आठवली. मी तिचा पेपर पहिल्यापासून पुन्हा पाहिला, कुठं अर्धा, कुठं एक मार्क निघतो का ते शोधलं, निघाला नाही. टायरच्या गणिताकडे मात्र पुन्हा पाहिलं नाही, कारण ते माझं गणित होतं. तिथं काय पाहायचं?

सोमवारी पेपर वाटले. तिनं आपला पेपर उलटून पाहिला, घडी घातली, दप्तरात ठेवला. बुधवारी ती आली नाही. मी तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारलं.

"थे नाई येनार मॅडम आता. तिचे अब्बा आर्टचा फॉर्म भरून राहिले. उद्या लास्ट डेट हाये."

निकाल लागून गेला होता, अकरावीचे ऑनलाइन फॉर्म चालू होते, मला सगळं माहीत होतं. मला वाईट वाटलं. पण वर्ग थांबलेला होता, म्हणून मी म्हटलं, "पुढे चला."

दुपारी दोनची गाडी धरली. खिडकीतून येणारा वारा चुलीपुढं बसल्यासारखा लागत होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे धाडकन आवाज झाला, गाडी एका बाजूला ओढली गेली, आणि ड्रायव्हरनं एक सणसणीत शिवी घालून ती रस्त्याच्या कडेला घेतली. मागचं टायर गेलं होतं. सगळे उतरून एका निंबाच्या सावलीत दाटीवाटीनं उभे राहिले. मी अर्थातच उभी राहिले नाही. मी गाडीच्या मागं जाऊन ड्रायव्हर-कंडक्टर चाक कसं काढतात ते पाहत बसले, म्हणजे येरझारा घालत बसले.

काढलेलं चाक त्यांनी जमिनीवर आडवं टाकलं. बोटभर लांब लोखंडी तुकडा घुसला होता. ड्रायव्हरनं तो पकडीनं ओढून काढला, तर तिथं चांगलं भोक दिसायला लागलं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कितीची हवा असते हो यात?"

"शंभरच्या वर असते, मॅडम."

"आणि आता?"

"आता काय! झिरो."

झिरो. मी त्या भोकाकडे पाहत राहिले. त्यातून हवा बाहेर आली होती, बरोबर. पण मग आता आत काय होतं? आत काहीच नाही असं असतं तर टायर पिळल्यासारखं आत चेपलं गेलं असतं. तसं काही झालं नव्हतं. भोक उघडं होतं. बाहेरची हवा होती तीच आत होती, मी ज्या हवेत उभी होते तीच. आणि या हवेला दाब नाही का? बॅचच्या पहिल्या दिवशी मीच सांगितलं होतं, घसा फोडून सांगितलं होतं की, हवा आपल्याला चहूबाजूंनी दाबत असते, प्रत्येक चौरस इंचावर पंधराएक पौंड.

पंधरा.

मी तिथंच थांबले. आयुष्यात पहिल्यांदा असेल, पण थांबले. हवा मोजायचा काटा टायरमधला सगळा दाब दाखवतच नाही. बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढंच तो दाखवतो. काटा शून्यावर असतो तेव्हा टायरमध्ये पंधरा पौंड असतातच. म्हणजे काट्यावरचं शून्यही खरं शून्य नाही. तेही माणसानं सोयीसाठी ठरवलेलं. थर्मामीटरच्या शून्याबद्दल नऊ वर्षं मी जे भाषण ठोकत होते, तेच शब्द न शब्द या काट्याला लागू होतं, आणि मला एकदाही सुचलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

तिकिटाच्या मागच्या बाजूला मी ते मांडलं. काट्यावर तीस, म्हणजे खरा दाब पंचेचाळीस. तो तापून झाला अठ्ठेचाळीस. काटा त्यातले बाहेरचे पंधरा दाखवत नाही, म्हणून तेहतीस. कुठं अपूर्णांक नाही, कुठं ओढाताण नाही. मी तापमानासाठी जे शिकवलं ते तिनं दाबालाही लावलं होतं, एवढंच. आणि त्याआधी तिनं मला विचारलं होतं. मी तिच्या बापाच्या दुकानावरून वर्गाला हसवून तिला खाली बसवलं होतं.

तेरा आणि तीन सोळा. घाम फुटला म्हणावं तर तो सकाळपासूनच फुटलेला होता, पण आतून मात्र मी गार पडले. मला माझी लाज वाटली. उद्या फॉर्मची शेवटची तारीख होती.

मी पर्स घेतली आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले.

"ओ मॅडम!" कंडक्टर तिकडून ओरडला. "धा मिनिटात निघते गाडी. कुठं चालल्या?"

"अकोल्याले!"

"आत्ताच तं अकोल्याहून आल्या ना बापा!"

मी हात हलवला. पहिली जी गाडी थांबली तिच्यात चढले आणि तासभर दांडीला लोंबकळत परत आले. बायपासला तीन पंक्चरची दुकानं होती. दुसऱ्यात विचारलं तेव्हा तिसरं कळलं.

तिचे वडील बाहेर छपरात बसून ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहत होते. पन्नाशीचे असतील, हात कोपरापर्यंत काळे. मी कोण ते सांगितलं तसे उठले, स्टूल फडक्यानं पुसून पुढं केलं. "आओ मॅडम, बैठो. पानी लेते?"

मी बसले नाही. उभ्यानंच सांगून टाकलं की तिच्या पेपरात चुकून तीन मार्क कमी पडले, तिचे तेरा नाहीत, सोळा आहेत.

त्यांनी ट्यूब बाजूला ठेवली. माझ्याकडे नीट पाहिलं.

"रडली का थे तुमच्याजवळ?"

"नाही हो. ती तर भेटलीच नाही."

"मंग? मॅडम, माह्या मोठीच्या टायमाले बी एका सरनं असेच मार्क वाढवून देल्ले होते. त्यायले दया आली. त्या मार्कानं थे सायन्सले गेली अन् पुढं दोन साल घरात तोंड लपवून बसली. मले दयेचे मार्क नाई पायजे. तुमी इतक्या उन्हात आल्या, मेहरबानी. पन नाई पायजे."

"दयेचे नाहीत. चूक माझी आहे."

"मास्तर लोकायची काहून चूक होईन?"

"होते," मी म्हटलं. मग मी त्यांना गणित सांगितलं. पहाटे तीस, दुपारी किती. माझ्या हिशेबानं बत्तीस, तिच्या हिशेबानं तेहतीस, आणि तिचं बरोबर.

ते हसले. "हे तं आमाले ठाऊकच हाये. मे महिन्यात पहाटं कोनी मोटारसायकल आनली तं आमी तीस भरतच नाई. सत्तावीस भरतो. दुपारी आपोआप तीस होते. माह्या बापानं शिकवलं मले."

मी मनातल्या मनात भराभर गुणलं. माझ्या रीतीनं सत्तावीसचे एकोणतीससुद्धा होत नव्हते. मुलीच्या रीतीनं बेचाळीस, मग पावणेपंचेचाळीसच्या जरा वर, पंधरा काढले की तीस. माझं नऊ वर्षांचं गणित या छपरात एक दिवसही चाललं नसतं.

"म्हणजे बघा, तिचं बरोबरच आहे," मी म्हटलं.

पण त्यांचा चेहरा उतरला होता. "मंग तिनं गनित कुठं केलं? दुकानात आयकलं अन् लिवलं. तेहतीस तं इथं कोनीबी सांगते. त्यात केमिस्ट्री कुठं हाये?"

रविवारी ओट्यापाशी उभं राहून माझ्या मनात जे आलं होतं, तेच त्यांच्या तोंडून आलं. मी उत्तर शोधत बसले नाही. "तिला बोलवा," म्हटलं.

त्यांनी दुकानामागच्या घराकडे तोंड करून हाक दिली. ती आली, मला पाहून दारातच थांबली, ओढणी सारखी केली. हसली नाही. मी तिला म्हटलं, तुझं गणित बरोबर होतं, मी चुकले, पण अब्बांना वाटतंय की तू ऐकलेलं लिहिलंस. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ट्रकच्या टायरमध्ये इथं २७ अंशाला १०५ पौंड हवा भरली," मी म्हटलं. "ट्रक रात्रभर कोल्ड स्टोरेजमध्ये उभा राहिला. तिथं बर्फ आहे. तापमान शून्याच्या खाली तीन. टायर तसंच आहे, हवा कुठं गेलेली नाही. तिथं काटा किती दाखवेल?"

"हे मले बी नाई ठाऊक," वडील म्हणाले.

"म्हणूनच विचारलं."

पंक्चरच्या जागेवर खूण करायला त्यांच्याकडे पिवळा खडू असतो. तो घेऊन ती सिमेंटवर उकिडवी बसली. आधी काही लिहिलंच नाही. माझे हात शिवशिवायला लागले. मग तिनं २७३ लिहिलं, त्यातून तीन वजा केले, २७०. पुन्हा थांबली. आता पंधरा, आता पंधरा, माझ्या जिभेवर शब्द आला होता. मी ओठ दाबून धरले. तिनं १०५ लिहिलं, पुढं अधिक १५, १२०. मग गुणाकार, भागाकार, १०८. पंधरा वजा. त्र्याण्णव. भोवती चौकट काढली आणि खडू खाली ठेवला.

"बराबर हाये?" वडिलांनी मला विचारलं.

"मी अजून केलेलं नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

त्यांनी खडू उचलून माझ्या हातात दिला. मी तिच्याकडे पाठ करून छपराच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसले आणि अकरावीचं गणित मीच परीक्षेला बसल्यासारखं सोडवलं. आकडे सोपे होते, तरी दोनदा तपासले. तिचं चुकलं असेल तर काय, आणि माझंच पुन्हा चुकलं तर काय, दोन्ही भीती एकदमच वाटत होत्या. त्र्याण्णव आलं.

तिचे वडील आधी तिच्या आकड्यापाशी उभे राहिले, मग माझ्या. पुन्हा तिच्याकडे गेले. दोन्हीकडे त्र्याण्णव. मग हातावर रॉकेल घेऊन हात पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि फॉर्म भरणाऱ्या नेटकॅफेवाल्याला फोन लावला. "भाई, वो बच्ची का फॉर्म रोको. आर्ट नहीं. सायन्स. हां, सायन्स डालो."

मी त्या स्टुलावर बसले. मुलगी सिमेंटवरचं गणित पाहत उभी होती.

"परवा ये," मी तिला म्हटलं. "मी सगळ्या वर्गासमोर सांगणार आहे, की तुझं बरोबर होतं आणि माझं चूक."

"सांगा मॅडम," ती म्हणाली. "पन मी नाई येनार."

"का?"

"सायन्स घेईन मी. पन तुमच्याजवळ नाई शिकत." आवाज हळू होता, पण थांबली नाही. "मी तुमाले इचारलं होतं. तुमी सगळ्याइले हसवलं. मंग कोनी काही इचारत नाई मॅडम तुमाले. मले चुकलं की बरोबर हाये हे नाई समजत इचारल्याशिवाय."

"ऐसे बात करते क्या मॅडम से?" वडील तिच्यावर कडाडले.

"बोलू द्या," मी म्हटलं. खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. इतक्या उन्हात अर्ध्या रस्त्यातून परत आले, चूक कबूल केली, आणि ही पोट्टी मला सुनावते! पण ती म्हणत होती ते खरं होतं. मी पाणी प्यायले, ग्लास ठेवला आणि निघाले. वडील रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि मुलीच्या बोलण्याबद्दल माफी मागत राहिले. मला ते सहन होईना.

शुक्रवारी वर्गात मी सगळ्यात आधी ते गणित फळ्यावर लिहिलं. ज्यांनी बत्तीस लिहिलं त्या सर्वांना मी मार्क दिले होते आणि ते उत्तर चूक आहे, असं सांगितलं. बरोबर उत्तर तेहतीस, साठात एकटीनं लिहिलं होतं, आणि मी तिला भोपळा दिला होता, हेही सांगितलं. तिनं वर्गात काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, ते जसंच्या तसं पुन्हा म्हणून दाखवलं. त्यावर हसले होते ते सगळे समोर होते. या वेळी कोणी हसलं नाही. मग पंधरा कुठून येतात ते नीट, हळूहळू समजावलं, काट्याचं शून्य आणि थर्मामीटरचं शून्य शेजारी शेजारी काढून.

सांगून झाल्यावर मी खडू ठेवला आणि म्हटलं, "आता विचारा. ज्याला जे विचारायचं असेल ते विचारा. मी कोणाला हसणार नाही."

चारी कूलर चालू होते. पोरं वह्यांत बघत होती, काही खिडकीकडे. पुढच्या बाकावरच्या एकानं पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. वायूच्या धड्यातलं साठातल्या निम्म्यांना समजलेलं नाही हे त्यांच्या पेपरांतच दिसत होतं, आणि तरी. मी मनात साठपर्यंत मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं. एकही हात वर आला नाही.